मुठीतला सेन्सर

विद्यापीठातल्या सगळ्या विभागांच्या संशोधनासाठी आम्ही अनेक मशीन जोडून एक मोठा कॉम्प्युटर क्लस्टर उभारत होतो. त्याची खोली थंड ठेवायला एसीवाला यायचा. कोपरखैरण्याच्या जुन्या गावातला, पन्नाशीचा. मशीनना आम्ही हौसेनं नद्यांची नावं दिली होती; त्याचं नाव विचारायचं कुणाला सुचलं नाही. भिंतीवर तापमानाचा आकडा दिसत असूनही तो प्रत्येक मशीनला पालथा हात लावून बघायचा, तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसा.

शेवटच्या दिवशी अलार्म तपासायचा होता. खोली तापली की आम्हा सगळ्यांचे फोन वाजणार होते. त्यानं भिंतीवरचा तापमानाचा सेन्सर मुठीत घट्ट धरला. थोड्या वेळानं शेजारच्या लॅबमध्ये आमचे फोन खणखणले आणि प्रोफेसरांसकट आम्ही धावत आलो.

मूठ तशीच ठेवून त्यानं आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली.

"सगलेच आलात," तो म्हणाला. "बरं हाय. माजी आय तापानं घरात एकलीच गेली. कोनाला कललाच नाय. मी तवा अशीच कोनाची तरी खोली गार करत व्हतो."

"अलार्म चालतोय," प्रोफेसर म्हणाले.

त्यानं मूठ सोडली. आमचे फोन एकेक करून गप्प झाले.