मोरीवरचा दिवा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, मुलांना नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. मालती, माझी बायको, या थंडीत गेली. भेटायला येणारे तिच्याबद्दल चांगलं बोलतात, आणि बोलता बोलता हसून म्हणतात, "विसराळू होत्या, पण किती मायाळू!" मी मान हलवतो. दर वेळी हलवतो. आता ते होत नाही, म्हणून लिहायला बसलो आहे. तुम्ही मला ओळखत नाही, हे एका परीने बरं.

आम्ही तेव्हा डोंबिवलीत राहत होतो. स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षं. मी कल्याणच्या एका शाळेत शास्त्र शिकवायचो. आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत वीज नुकतीच आली होती, पण दिवा एकच, पुढच्या खोलीत. मागे स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मोरी. तिथे मालती कंदिलाच्या उजेडात भांडी घासायची. तिथे दिवा हवा होता. घरमालक तिथलेच, जुने शेतीवाले. ते म्हणाले, "मास्तर, कल्याणचा वायरमन बोलवू का?" मी म्हटलं, कशाला? मी मुलांना हेच तर शिकवतो. ते हसले. "पुस्तक वाचून दिवा लागंल का हो?"

लागला. मालतीने टाळ्या वाजवल्या. आई म्हणाली, "चला, शिक्षण कामी आलं एकदाचं." घरमालकांना मी मुद्दाम बोलावून दाखवला — बटण तीनतीनदा दाबून. किती फुशारलो होतो मी! माझ्यासारख्या अबोल माणसाला अशी फुशारकी चढली की ती उतरवणं फार जड जातं. की हीसुद्धा सबबच आहे?

इथे थोडं शास्त्र सांगावं लागेल. वर्गात मी फळ्यावर एक बॅटरीचा सेल काढायचो. त्याच्या एका टोकापासून तार, मग बल्ब, मग बटण, आणि तार पुन्हा सेलच्या दुसऱ्या टोकाला. वीज अशी फेरी पूर्ण करते तेव्हाच दिवा लागतो. फेरी कुठेही तोडा, तो विझतो. "बटण बल्बच्या अलीकडे काय नि पलीकडे काय, सारखंच," हे वाक्य मी दर वर्षी म्हणायचो. सेलच्या बाबतीत ते खरं आहे. घरात येणाऱ्या विजेच्या बाबतीत नाही. घरातल्या दोन तारांपैकी एकीत जोर असतो. दुसरी नुसती परतीची, तिचा संबंध जमिनीशी. बटण पहिलीवरच बसवायचं असतं. परतीच्या तारेवर बसवलं तर दिवा विझतो खरा, पण वीज होल्डरपर्यंत येऊन तशीच उभी असते. जमिनीत जायला दुसरा कुठलाही रस्ता मिळाला की निघाली. ओला हात आणि ओला दगड, हा रस्ताच.

मी बटण परतीच्या तारेवर बसवलं होतं.

पण एवढंच असतं तर ती चूक ठरली असती. चुकीबद्दल मी लिहीत नाही.

दिवाळीच्या आधीची साफसफाई चालली होती. मोरीवरचा बल्ब आदल्या संध्याकाळी गेला होता. मालती नवा बसवायला मोरीच्या कठड्यावर चढली, अनवाणी, ओल्या पायांनी. मी दारापाशी वाचत बसलो होतो. चढण्याआधी तिने बटण बंद केलं. मी पाहिलं. तिने सांगितलंही, "बंद केलंय हं." मी हुं म्हटलं. तिचं काम नेहमीच नीट — बल्ब काढून ओल्या फडक्याने तिने होल्डर आतूनही पुसायला घेतला.

तिच्या तोंडून जो आवाज आला, तो लिहिता येत नाही. ती खाली कोसळली, मनगट अंगाखाली आलं. मी उठलो आणि — तिच्याकडे गेलो नाही. बटणाकडे गेलो. ते बंद होतं. एका क्षणात सगळं कळलं, फळ्यावरच्या आकृतीसकट. पुढच्या खोलीतून आई धावत येत होती. मी बटण चालू केलं. आई दारात आली तसं ते पुन्हा बंद केलं, टक् असा आवाज तिच्या कानी जाईल असं, आणि म्हणालो, "चालूच होतं."

"बटण बंद न करता हात घालतेस?" आई ओरडली. "जीव गेला असता बाई!"

मालती पडल्या जागेवरून माझ्याकडे पाहत होती. "बंद केलं होतं मी. अहो, तुम्हाला सांगितलं ना?"

"सांगितलंस खरं," मी म्हणालो, "पण केलं नव्हतंस."

तिने नजर स्वतःच्या हाताकडे वळवली. भांडली असती तर? पण विजेतलं मला कळतं, अशी तिची खात्री होती. हात गळ्यात बांधून ती ठाण्याला माहेरी गेली, तेव्हा मी मेन बंद करून त्या दोन तारांची अदलाबदल केली. फारसा वेळ लागला नाही.

मनगट सांधलं. पण त्यानंतर ती स्वतःच्या हातावर विश्वास ठेवेनाशी झाली. नळ बंद केला की परत जाऊन बघायची. कडी लावली की मला विचारायची. घरात तो विनोदच झाला. "सूनबाईंना नाव विचारा, तेही आत जाऊन बघून येतील," आई म्हणायची, आणि मुलं खिदळायची. मीही हसायचो. हसायचो — हे लिहून ठेवतो.

पुढे शेजारच्या बाईंनी बालवर्ग सुरू केला आणि मालतीला बोलावलं. तिला कितीतरी गाणी तोंडपाठ होती, आणि गल्लीतली पोरं तिच्याभोवती सतत असायची. तिला जायचं होतं. तिच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. ती म्हणाली, "नको बाई. लोकांची लेकरं ती. माझा काय भरवसा?" मी तिथेच खुर्चीवर होतो. हातातल्या पुस्तकाचं पान उलटलं.

या थंडीत तिला घाईघाईत दवाखान्यात न्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी, बोलायचेही श्रम होत असताना, तिने माझी बाही धरली.

"अहो, निघताना मी स्टोव्ह विझवला का?"

"विझवलास."

"तुम्ही पाहिलंत ना?"

"पाहिलं."

"मग झालं," ती म्हणाली, आणि तिने डोळे मिटले.

मी पाहिलं नव्हतं.