फाटकातली खुर्ची

उंदरांची भाऊबंदकी माणसांच्या भाऊबंदकीइतक्याच आपुलकीनं सांगणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात एकच, आणि तो नेमका माझा साडू निघाला. घ्या! उमेदीची सगळी वर्षं त्यांनी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत उंदरांच्या रक्तातल्या मारेकरी पेशींवर घालवली आणि मग युसूफ वडगाव या गावी येऊन घर बांधलं. लग्नाच्या पंगतीत ते शेजारी बसले की जिलबीच्या आधी पेशी येत. "या रक्तात गस्त घालतात, बरं का. भेटंल त्या पेशीला विचारतात, तू कुणाची? घरची खूण दाखवली तर सोडतात, न्हाई तर खलास!" मग वाटणी निघे. पेशीवरचे खूण तपासणारे रिसेप्टर, त्यांची दोन घराणी जुन्या पूर्वजाकडून उंदराला आणि माणसाला, दोघांनाही आली. "दोन भावांना दोन-दोन वावरं मिळाली समजा. उंदरानं एक पिकवलं, माणसानं दुसरं. पडीक वावराचे बांध अजून दिसतात. पण भाकर दोघांच्या घरी तीच, खूण तपासायची!" वाढपी ताटकळत उभा. दिंद्रुडच्या एका लग्नात नवरदेवाच्या चुलत्यानं वैतागून विचारलं, "सर, उंदरांना औषध कावून न्हाई टाकत?" त्या घरी साडू पुन्हा जेवले नाहीत.

मग थोरल्या मेहुणीला, म्हणजे त्यांच्या बायकोलाच, आमच्या अक्कांना, रक्ताचा कॅन्सर निघाला. माझ्या बायकोच्या पेशी निम्म्या जुळल्या. त्या अक्कांच्या अंगात सोडायच्या आणि नव्या पहारेकऱ्यांनी उरलासुरला कॅन्सर हुडकून मारायचा, असं डॉक्टरांनी सांगितलं. दवाखान्यात माझ्या बायकोनं विचारलं, "दाजी, खरं सांगा, तुमचे उंदीर यातून वाचले व्हते का?" हो म्हणून मोकळं व्हायचं की नाही? पण साडू म्हणाले, "वाचले व्हते. पण त्यांचं वावर वेगळं, आपलं वेगळं. मी कसा शब्द देऊ?" आणि डोळे पुसायला लागले. बायकोनं बाही वर केली.

अक्का घरी आल्या तशी आमच्याकडची रीत आडवी आली. आजाऱ्याला भेटायला गेलं नाही तर माणसं पिढ्यान्‌पिढ्या धरून ठेवतात. जीप भरभरून पाहुणे, शहाळी, बिस्किटांचे पुडे. आत नवं रक्त अजून कोवळं, साधी सर्दीसुद्धा जिवावर बेतायची. साडूंनी सरळ फाटकात खुर्ची टाकली. "खोकला हाय? मागं फिरा." हार घेऊन आलेल्या पुढाऱ्याला कार्यकर्त्यांसकट परतवून लावलं. एकदा माझी बायको फाटकाशी शिंकली, तर तिलाही अडवलं! ती भडकली, "दाजी, आत माझंच रक्त हाय!"

"रक्त आत ऱ्हाऊ द्या, नाक भाईर ठिवा," साडू म्हणाले. परतीच्या वाटेवर बायको आधी रडली, मग केजपर्यंत हसत होती.

आता अक्का ठणठणीत आहेत. डॉक्टरांनी माणसांत मिसळायची मोकळीक दिली, तशा नारायणगडाच्या जत्रेत जाऊन बांगड्या भरून आल्या. खुर्ची मात्र अजून फाटकातच. परवा मी म्हणालो, "उठा आता साडू. आत पहारा हाय की."

"हाय की. तुमच्या मंडळींच्या पेशी लई कडक, डोळा लावत न्हाईत." मग म्हणाले, "माझाच जीव उठू देत न्हाई."

मी पंगतीतल्या त्या दोन वावरांचा विषय मुद्दाम काढला. ते हौसेनं सुरू झाले. तेवढ्यात आतून अक्कांच्या हसण्याचा आवाज आला, आणि उंदीर-माणसाची वाटणी अर्ध्यावर टाकून साडू तो नुसता ऐकत बसले.