पडावावरची वीस मिनिटं

माझी थोरली बहीण शिवणकाम करते. नवे कपडे नाही शिवत. लोकांचे कपडे सैल करणं, घट्ट करणं, पँटी आखूड करणं, बिघडलेल्या चेनी बदलणं, असलं काम. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, खिडकीपाशी मशीन, मशीनमागे बाबांची कॉट. बाबांची डावी बाजू गेली त्याला आठ वर्षं झाली, आणि तेव्हापासून ताई जिना उतरते ती फक्त भाजी, दोरा आणि गुंड्या आणायला. तिचं कौतुक करावं म्हणून मी हे लिहीत नाही. तो हक्क माझा मीच घालवलाय. तिच्याशी मी जे वागलो ते एकदा न लपवता लिहून काढावं, एवढंच.

मी बसगाड्यांची वेळापत्रकं करतो. कुठली गाडी कुठल्या थांब्यावर किती वाजता पोचेल आणि किती मिनिटं थांबेल, हे बावीस वर्षं ठरवतोय. या नोकरीनं मला एक खोड लावली. कुणी नुसतं उभं दिसलं की माझा जीव कासावीस होतो. दवाखान्यात नंबर लावून बसलो तर दोन पेशंटांमध्ये किती मिनिटं वाया जातात ते मी मोजतो. बायको म्हणते, "मेल्यावर तरी एका जागी थांबाल ना?"

ही खोड घेऊनच मी एका ऑनलाइन जगात शिरलो. तिथे आम्ही सात हौशी लोकांनी मिळून शहराशहरांमधल्या व्यापाराचा एक खेळ रचला. एक मिठाचं शहर, एक लाकडाचं आणि एक कापडाचं. प्रत्येकात एकच वस्तू होते, आणि बाकीच्या दोहोंवाचून तिथलं घोडं अडतं. लाकूड संपलं की मीठवाल्यांच्या भट्ट्या विझतात, कापड संपलं की मीठ भरायला पोती उरत नाहीत. नाणं आम्ही ठेवलंच नव्हतं, मालाला माल. आणि मुख्य नियम असा की संगणकानं चालवलेला एकही दुकानदार नाही. देणारा, नेणारा, घेणारा, सगळी खरी माणसं, आपापल्या घरी बसून खेळणारी. कुणी बैलगाडी हाकलीच नाही, तर माल जागचा हलायचा नाही.

तिन्ही रस्ते मधोमध एका पडावावर मिळायचे. तिथे बैलांना वीस मिनिटं विश्रांती दिल्याशिवाय गाडी पुढे जात नसे, आणि ती वीस मिनिटं घड्याळातली, खरीखुरी. हा नियम गणिताच्या बाईंचा. त्या शाळेत शिकवतात आणि आमच्यातली आकडेमोड बघतात. "अंतर माणसाला जाणवलं पाहिजे," असं त्यांचं म्हणणं. मी तेव्हाच नाक मुरडलं होतं.

सुरुवातीला खेळायला माणसं मिळेनात. मी ताईला गळ घातली.

"मला काय कळतंय त्यातलं?" ती म्हणाली. तोंडात टाचण्या होत्या, त्या काढून म्हणाली.

"कळायचंय काय? तू गाडी हाकूच नकोस. पडावावर नुसती बस. कुणी आलं तर दोन शब्द बोल, म्हणजे जागा ओसाड वाटणार नाही."

माझा जुना टॅब्लेट मी तिला देऊन टाकला. बाबा दुपारी दोन ते चार झोपतात. दिवसातला तेवढाच वेळ तिचा स्वतःचा, आणि तोही मी मागून घेतला.

महिनाभरानं मी सहज डोकावलो, तर पडावावर एक मीठवाला थांबलेला आणि आमच्या ताईसाहेब टाइप करतायत: "मीठ घेऊन कापडाच्या शहरात चाललात. येताना काय आणणार?"

"येताना काय, रिकामी गाडी."

"रिकामी कशाला? काल एक जण सांगून गेला, तिथे जाड्याभरड्या कापडाचे गठ्ठे पडून आहेत. तुमच्याकडे पोत्यांना तेच हवंय ना? विचारा तरी."

तो गठ्ठे घेऊन आला. दुसऱ्या दिवशी आणखी दोघं येऊन उभे राहिले. ताईची मापांची एक वही आहे. पुढून कंबर, बाही, उंची. आता तीच वही ती मागून उघडू लागली. कोण काय घेऊन गेला, कुठे काय साचलंय, कुणाचं कशावाचून अडलंय, सगळं बारीक अक्षरात. वर्षभरात असं झालं की त्या तिन्ही रस्त्यांवर रिकामी गाडी औषधालाही सापडेना. हा काही आमच्या रचनेतला नियम नव्हता. आम्हाला तो सुचलाही नव्हता.

लोक तिला पडाववाली म्हणू लागले. एकेका दुपारी तिथे चाळीस चाळीस गाड्या उभ्या असत आणि प्रत्येकाचं एकच, "ताई, परतीला काय?" विचारता विचारता कुणी आपल्या गुडघ्याचं दुखणं सांगे, कुणी मुलीच्या परीक्षेचं, कुणी सासूचं गाऱ्हाणं. ताई मला फोनवर त्या सगळ्यांच्या नकला करून दाखवायची आणि स्वतःच खो खो हसायची. आठ वर्षांत तिचं ते हसणं मी विसरूनही गेलो होतो. बाबांची कॉट आणि परक्यांच्या पँटी यांच्यापलीकडे तिला माणसं मिळाली होती.

तसा तिचा हा स्वभाव जुनाच. दर रविवारी मी बाबांची औषधं एका कापडी पिशवीतून नेतो. ती पिशवी रिकामी परत जाऊ देईल तर शपथ. माझा उसवलेला शर्ट शिवून ठेवलेला असायचा, नाहीतर चिंध्यांचं पायपुसणं, नाहीतर दोन लिंबं. काहीच नसलं तर रद्दीतली वर्तमानपत्रं कोंबायची. "कपाटात अंथरायला होतील." मी चिडायचो. बसमध्ये ओझं होतं म्हणायचो.

आता माझं पाप सांगतो.

दुसऱ्या वर्षी खेळणारी माणसं वाढायची थांबली. आकडे बघताना माझी नजर पडावावरच जाऊन टेकायची. वीस मिनिटं! माझ्या नोकरीत चार मिनिटांचा थांबा दीड मिनिटावर आणला म्हणून मला शाबासकी मिळालीय, आणि इथे चाळीस गाड्या वीस वीस मिनिटं उभ्या. मी सगळ्यांना तेच ऐकवत होतो. पण मनात आणखी एक गोष्ट होती, आणि ती लिहायला लाज वाटते. खेळ आम्ही रचला, रात्रंदिवस डोकं मी फोडलं, आणि जो तो नाव काढायचा पडाववालीचं. हे मला सलत होतं. सख्ख्या बहिणीचं चांगलं झालेलं सलत होतं.

मी तिला म्हटलं, "लोक कशाकशावर कुरकुरतात, जरा लिहून दे ना."

तिनं मापाच्या वहीचं एक पान भरून बारा तक्रारी लिहिल्या. चिखल फार, खुणेचे दगड दिसत नाहीत, बैल सारखे एकाच रंगाचे. बारावी तक्रार होती, "पडावावर वीस मिनिटं फुकट जातात म्हणतात." स्वतःच्या जागेबद्दलची तक्रारही तिनं प्रामाणिकपणे लिहिली होती. आणि तिच्याखाली तेरावी ओळ होती, "पण हे काढू नका हं. कुरकुरतात खरे, पण तेवढ्या वेळातच परतीचा माल ठरवतात."

मी पानाचा फोटो काढला आणि त्या फोटोची खालची कड, तेराव्या ओळीसकट, कापली.

तो फोटो मी सगळ्या खेळणाऱ्यांसमोर प्रस्ताव म्हणून लावला. पडावावरची सक्तीची विश्रांती बंद करावी, खुद्द पडाववालीनं ही तक्रार लेखी दिली आहे. तिचं अक्षर सगळ्यांच्या ओळखीचं नव्हतं, पण तिच्या शब्दाला किंमत होती. पडाववालीच म्हणतेय म्हटल्यावर विरोध कोण करणार? आमच्या सातांपैकी सहा जणांनी हात वर केले. गणिताच्या बाईंनी तेवढा हात खाली ठेवला.

संध्याकाळी ताईचा फोन आला. मागे मशीनचा आवाज नव्हता.

"माझं पान दिसलं तिथे. सगळं घातलंस का रे?"

"हो, जवळपास."

"बरं," ती म्हणाली. मग बाबांच्या एका गोळीचं विचारलं आणि फोन ठेवला. माझा जीव भांड्यात पडला. मला वाटलं, तिला कळलंच नाही. माणूस स्वतःच्या सोयीसाठी समोरच्याला किती भोळं समजतो!

दुसऱ्या दिवसापासून गाड्या पडावावरून सुसाट जाऊ लागल्या. कुठे कोण किती वेळ आहे हे आम्हा रचणाऱ्यांना एका तक्त्यात दिसतं. दुपारी दोन ते चार, पडाव, माणसं एक. पहिल्या दिवशी मला वाटलं, होईल सवय. दुसऱ्या दिवशी एक. तिसऱ्या दिवशी एक. त्या जगात समोरून जाणाऱ्या गाडीला हात करता येतो, आणि कुणी हात केला तर त्याचीही नोंद होते. पाचव्या दिवशी तिनं सव्वीस गाड्यांना हात केला. थांबल्या दोन. मी कचेरीत बसून ते आकडे बघत होतो. तरी मी फोन केला नाही. काय बोलणार होतो? अकरा दिवस ती तशी बसली. बाराव्या दिवशी पडाव, माणसं शून्य.

त्या काळातही दर रविवारी मी जातच होतो. ती पडावाचा विषय काढत नव्हती, मीही मूग गिळून होतो. पिशवीतून लिंबं येत होती, शर्ट येत होता. त्यामुळे मी स्वतःची समजूत घालत होतो की तिच्या मनात काही नाही.

आमचा व्यापार आधी भरभर वाढला. मी सहा जणांसमोर छाती काढून फिरलो. मग दीड महिना भरायच्या आत तो असा कोसळला की मीठवाल्यांकडे मिठाचे डोंगर आणि भट्ट्या थंड. गाडीवाले सोडून जाऊ लागले. गणिताच्या बाईंनी आकडे काढले आणि सगळ्यांना विचारलं, "परतीच्या दर दहा गाड्यांपैकी आठ रिकाम्या आहेत. मग आधी भरलेल्या का असायच्या?" कुणालाच सांगता येईना. मला येत होतं. माझ्या फोनमध्ये अख्ख्या पानाचा फोटो तसाच होता, तेराव्या ओळीसकट. मी तो बाईंना दाखवला. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. मग म्हणाल्या, "हे आम्हाला नका सांगू. त्यांना सांगा."

पडावावरची वीस मिनिटं त्याच दिवशी परत आली. रविवारी मी औषधांची पिशवी घेऊन तिसरा मजला चढलो.

ताई एका पँटीची तळपट्टी उसवत होती. बाबा जागे होते. मी औषधं मांडली, तिनं चहा टाकला. मी म्हटलं, "विश्रांती परत ठेवलीय. आधीसारखीच."

"चांगलं केलंत."

"सगळे तुझी वाट बघतायत. उद्यापासून येशील?"

"दुसरं कोणी बसेल की. अवघड काय आहे त्यात?"

"ताई, त्या पानाची शेवटची ओळ मी कापली होती."

तिनं मान वर केली नाही. दोरा ओढून काढत म्हणाली, "माहीत आहे. वीस वर्षं कापड कापतेय. कापलेली कड मला ओळखता येणार नाही होय?"

"मग बोलली का नाहीस?"

"विचारलं होतं तुला. त्याच संध्याकाळी. म्हटलं, आता सांगेल. मग म्हटलं, रविवारी येईल तेव्हा सांगेल." तिनं आणखी एक टाका उसवला. "सहा रविवार आलास तू. आणि आज आलास ते तुमच्या गाड्या अडल्या म्हणून."

माझं चुकलं, असं मी म्हणालो, पण ते इतक्या खालच्या आवाजात की बाबांनी विचारलं, "काय म्हणतोय तो?"

"काही नाही बाबा," ताई म्हणाली. "निघालाय."

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाची समजूत काढता येते. मी उठलो. चपला घालताना कोपऱ्यात मापाची वही दिसली. तिची मागची पानं कापून काढलेली होती, अगदी सरळ रेषेत, तिच्या मोठ्या कात्रीनं.

ताई दारापर्यंत आली. पिशवी तिच्या हातात होती. तिनं ती झटकली, कडेला कड जुळवून चार घड्या घातल्या, वर हात फिरवला आणि माझ्या हातात दिली.

"ये मग," ती म्हणाली.

मी दारात तसाच उभा राहिलो. वाटलं, आत्ता वळेल, कपाट उघडेल, एखादं जुनं वर्तमानपत्र तरी आणेल. ती मशीनवर जाऊन बसली आणि तिनं दोरा ओवायला घेतला. मी रिकामी पिशवी घेऊन तीन मजले उतरलो.