चिंचेच्या कोळात पडलेलं नाणं

काळवंडलेली वस्तू दिसली की अरुणाबाईंचे हात शिवशिवायचे. शहाण्णव सालच्या दिवाळीत त्याच हातांनी घात केला.

नवरा, शामकांतराव, जहाजावर चीफ इंजिनिअर. वर्षातले आठ महिने समुद्रावर. मागे सिंगापूरला बुकित पंजांगमधला दहाव्या मजल्यावरचा फ्लॅट, मुलीची शाळा, तिची आजारपणं, गळके नळ, सगळं बाईंच्या गळ्यात. बाई इतक्या शिणल्या होत्या की झोपूनही शीण जात नव्हता. त्यात नवरा उद्या येणार, म्हणून देवघरातलं होतं नव्हतं ते त्यांनी एकदमच चिंचेच्या कोळात टाकलं. समई, ताम्हन, घंटा, आणि ताम्हनात ठेवलेलं ते रोमन नाणं!

अकरा वर्षांपूर्वी शामकांतरावांनी ते नेपल्सहून आणलं होतं. काशाचं, हिरवट. एका बाजूला पानांचा मुकुट घातलेला राजा, दुसऱ्या बाजूला हातात हात. "रोमन लोकांचंही पाणिग्रहण असंच गं," ते म्हणाले होते. "फक्त घासू नकोस हो. चित्र त्या हिरव्या थरातच उरलंय." दर सुट्टीत आले की पाय धुऊन आधी त्या हातांवरून अंगठा फिरवायचे आणि मग म्हणायचे, "आलो बरं का."

भांड्यांबरोबर तेही घासून निघालं. आता नाणं लखलखत होतं, आणि दोन्ही बाजू सपाट. "मेले माझे हात!" बाई म्हणाल्या. रडायचंही त्राण नव्हतं.

"पप्पांना सांगून टाक, लाह," मुलगी, मधुरा, आपल्या सिंगापुरी हेलात म्हणाली.

सांगायला हिचं काय जातंय! अख्ख्या संसारात त्या माणसानं सांभाळ म्हणून सांगितलेली ही एवढी एकच वस्तू.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शामकांतराव आले. वाळलेले, चष्मा आणखी जाड. पाय धुऊन थेट देवघराशी. बाई मागे उभ्या. "अहो, एक सांगायचंय," एवढंच कसंबसं निघालं.

समईच्या उजेडात त्यांनी नाणं उचललं, नाकाशी धरलं, डोळे बारीक केले. मग अंगठा फिरवला. इंजिनरूमच्या वाफेनं भाजून भाजून निबर झालेला अंगठा. पुन्हा फिरवला, आणि हसले.

"आहेत गं दोघांचे हात. आलो बरं का."

बाईंनी त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. थट्टा नव्हती, सांभाळून घेणंही नव्हतं. त्यांना खरंच दिसत नव्हतं, बोटालाही कळत नव्हतं. रागावले असते, आदळआपट केली असती, तरी परवडलं असतं!

"काय सांगत होतीस?"

"आता पुन्हा जहाजावर जाऊ नका," अरुणाबाई म्हणाल्या.