हनुवटी धरणाऱ्या शकूसिस्टर

एसटीने अल्लीपूरला जाताना नवरा घोरायला लागला, की शकूसिस्टरांचा हात आपोआप त्याच्या जबड्याखाली जायचा. लोक हसायचे. हसू देत! आमच्या हिंगणघाटच्या दवाखान्यात मी दुर्बिणीची नळी घशातून पोटात घालायचो, तेव्हा गुंगीतल्या पेशंटच्या डोक्याशी त्या अशाच उभ्या असायच्या. डाव्या हाताने हनुवटी उचललेली आणि उजवा तळवा तोंडासमोर. श्वास तळव्याला लागतोय ना, एवढंच त्या बघायच्या.

"पडद्यावरचा आकडा मागून येते साहेब. श्वास पहिले जाते," त्या म्हणायच्या. नाकातून ऑक्सिजन चालू असला की श्वास थांबल्यावरही रक्तातल्या ऑक्सिजनचा तो आकडा थोडा वेळ शाबूत दिसतो. हे मला ठाऊक होतं. नुसतं ठाऊक असून काय उपयोग?

एक दिवस वांगी पिकवणारे एक काका आले, जाड मानेचे. बायको दाराबाहेर बसली होती. त्यांच्या जठरात जखम दिसली आणि मी हरखलो.

"साहेब, नळी काढा."

"एक मिनिट सिस्टर, फोटो घेतो."

फाडकन माझ्या मनगटावर चापट बसली. "फोटो मंग काढजा! माणूस श्वास घेऊन नाई राह्यला!"

आकडा सत्त्याण्णव होता. तरी मी नळी ओढली. सिस्टरांनी दोन्ही हातांनी जबडा पुढे ढकलला, मास्क लावून फुगा दाबायला घेतला. आकडा तेव्हा कुठे घसरू लागला. काका निळसर पडले. मग एकदाचे खोकले, आणि माझ्या जिवात जीव आला. तासाभराने ते बायकोला विचारत होते, "झालं का वं?"

सांगायला लाज वाटते, पण माझा पहिला राग त्या चापटीवरच होता. सगळ्यांसमोर मारलं म्हणून! दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोललो नाही. त्यांनी ते मनावरही घेतलं नाही.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा व्यवस्थापकांनी शाल-श्रीफळ दिलं, भाषण ठोकलं. सिस्टर एवढंच बोलल्या, "शाल ठेवा तुमच्यापाशी. माझ्या जागी माणूस द्या."

सभागृह हसलं. चक्क हसलं! व्यवस्थापक मला बाजूला घेऊन म्हणाले, "नुसती हनुवटी धरायला वेगळा माणूस कशाला, डॉक्टर? यंत्र आहे ना."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर नऊ पेशंट, आणि आत डोक्याशी कुणीच नाही. मी हातमोजे काढून टोपलीत टाकले. व्यवस्थापक धावत आले. "काऊन थांबले तुम्ही? लोक ओरडून राह्यले!"

"ओरडू द्या," मी म्हणालो. "ओरडतात म्हणजे श्वास घेतायत. इथे माणूस उभा करा, मग मी नळी हातात घेतो."