अप्पांचा फिटर

गेवराईच्या जिनवाल्या अप्पांना शिकलेल्या माणसाची भीती वाटायची. अडाणी माणूस इंजिनाजवळ गेला तर ते नुसते ओरडत. शिकलेला गेला तर उपरणं टाकून अडवायला धावत. कपाळाला भस्म आणि हाताला काळं वंगण, असा तो माणूस परवा गेला. जिनात कापसातून सरकी काढणाऱ्या रुळांच्या चामड्याला खाचा पाडायचं नाजूक काम ते स्वतः करत आणि तेव्हा दार आतून लावून घेत.

"शिकवलं की मानूस जालन्याला पळतो. म्या शिकवायचं आन दुसऱ्यानं वापरायचं, कावून?"

या वाक्याचा मला संताप यायचा, अजून येतो. सगळ्या मालकांना तयार माणूस हवा. तो तयार कुठं व्हायचा, हे विचारलं की तोंडं फिरतात. आम्ही काही तरुणांनी वर्गणी मागून गावात सुतारी-लोहारीची हुन्नरशाळा काढली होती. जिल्ह्याचा कारभार पाहणाऱ्या तालुकदारसाहेबांनी बजावलं होतं: हंगाम संपेपर्यंत एकाला तरी कारखान्यात हुन्नराचं काम मिळालं पाहिजे, नाहीतर शाळेला कुलूप. आणि गावात कारखाना एकच, अप्पांचा.

म्हणून मी सारखा जाऊन भांडायचो. मी तोंड उघडलं की अप्पा ताट वाढायला सांगत. "आदी जेव बे कागदवाल्या. उपाशी मानसाचं भांडन लई लांबतं." मी पत्रकं वाटत फिरायचो, म्हणून कागदवाल्या.

अखेर त्यांनी आमच्या दत्तूला घेतलं. उमापूरच्या शेतकऱ्याचा हा मुलगा. शाळेत त्याच्याइतकी सफाई कुणाच्या हाताला नव्हती. अप्पांनी त्याला काय दिलं? कापसाची ओझी. मी पत्रक काढलं: 'हुन्नर शिकलेल्याला हमाल करणारे मालक.' दुसऱ्या दिवशी अप्पांनी ते जिनाच्या आवारात, सगळ्या मजुरांसमोर, मलाच वाचायला लावलं.

"आवाज चांगला हाय," ते म्हणाले. "पर माझं नाव कावून न्हाई टाकलं? भ्यालास व्हय?"

मजूर हसले. दत्तूसुद्धा हसला, नालायक.

हंगाम सरता सरता तालुकदारसाहेब आले. डोक्यावरचं ओझं नुकतंच उतरवलेल्या, केसांत कापूस अडकलेल्या दत्तूकडं बोट करून त्यांनी विचारलं, "ये लडका क्या काम करता?"

'हमाली' एवढाच शब्द, की आमची शाळा संपली. अप्पांनी दत्तूकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"फिटर है साब. मेरा फिटर."

साहेबांचा टांगा वळला तसं अप्पांनी दत्तूला दंडाला धरून रुळांपाशी नेलं. "तुज्यापायी खोटं बोललो. आता ते खरं कराया लागंल. बस हितं." दार लावायचं त्यांना सुचलंच नाही. चामड्यावर हत्यार कसं धरायचं ते सांगताना त्यांचा आवाज इतका मऊ झाला, की मी उंबऱ्यात उभा राहून भांडायचं विसरलो.

दत्तू दोन हंगाम अप्पांचा फिटर होता. मग बरा पगार मिळाला आणि तो जालन्याला गेला. त्यात त्याचं काय चुकलं, हे मला आजही कुणी पटवून द्यावं. पण तेव्हा मला एवढंच दिसत होतं: आता अप्पा आमच्या एकाही पोराला दारात उभं करणार नव्हते.

ते स्वतःच शाळेत आले, पहिल्यांदाच. भात्यावरची पोरं उठून उभी राहिली. त्यांनी एकेकाच्या हातांकडं नीट पाहिलं.

"गेला बे तुजा फिटर," ते मला म्हणाले.

मी बसायला स्टूल पुढं केलं, ते बसले नाहीत.

"आता दोन दे. एक जाईल, एक ऱ्हाईल."