उघाडीचं दार

पाणी मांडीपर्यंत चढलं तेव्हा मी पोरीला माळ्यावर ढकलत होते आणि अंथरुणाला खिळलेली सासू आतल्या खोलीतून ओरडत होती, "मला ने गो, माज्यानं उठवत नाय!" भर दुपारी अवसेच्या उधाणानं बांध फुटला होता आणि खाडी घरात शिरली होती.

इतक्या वर्षांनी परवा नवऱ्याला गाडीनं हिंडायची हौस आली. रोह्याकडची लेणी बघितली. तिथली प्रत्येक पाटी त्यानं मोठ्यानं वाचली. मग कोलाडला चहा घेऊन वडखळवरून आमच्या जुन्या गावात शिरलो. काच खाली केली तर खाडीच्या चिखलाचा वास आला आणि माझं डोकं फिरलं.

पडक्या घराच्या जोत्यावर उभा राहून हा म्हणतो, "काय जिताडे मिळायचे गो इथं!"

"तुमीच लावलं व्हतं ना लाकूड उघाडीच्या दाराला?"

उघाडी म्हणजे बांधातली मोरी. भरती आली की तिचं दार आपोआप मिटतं, म्हणून शेत वाचतं. जिताड्यासारखा मासा आत यावा म्हणून सगळेच ते लाकडानं अडकवून ठेवायचे, पण उधाणाच्या दिवशी कोणी ठेवत नसे. यानं ठेवलं. पाण्यानं दार उपटलं आणि बाजूचा बांधही नेला.

"जुनं झालं गो ते," तो म्हणाला.

दोन हजार वर्षांपूर्वीची लेणी बघताना याला काही जुनं वाटलं नव्हतं.

त्या दुपारी घरात आम्ही तिघी होतो. मी आणि माझी मुलगी वाचलो.